पाच किलोमीटर दिसून राह्यलं

"वरून किती दिसतंय?" सरांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "पाच किलोमीटर." एवढंच. माझ्या या एका उत्तरावर बावीस वर्षांची एक पोरगी एकटी विमान घेऊन वर गेली, आणि तिला उतरायला जमीन सापडेना. ही गोष्ट मी आजवर चार ठिकाणी चार तऱ्हेनं सांगितली आहे. दर वेळी स्वतःला थोडं वाचवूनच. आज सलग सांगतो, मग तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

मी घुग्घुसचा गॅरेजवाला. कोळशाचे ट्रक, सिमेंटचे डंपर, हेच माझं जग. बेचाळिसाव्या वर्षी मला विमान शिकायचं खूळ लागलं. बायको म्हणाली, "या उमरीत लोकं गुडघ्याले तेल लावतेत, अन् तुमी उडाले निघाले." मी ऐकतो थोडाच! चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर शिकवणी चालायची, तिथं जाऊन बसलो. वर्कशॉप सांभाळून, परीक्षेत दोनदा आपटून, शेवटी खाजगी वैमानिकाचा परवाना मिळवला. भाडं न घेता आपल्या माणसाला शेजारी बसवून फिरवून आणायचं, एवढीच त्याची मुभा. मला तेवढीच पाहिजे होती.

या परवान्याचा सगळा कारभार डोळ्यांवर चालतो. पुस्तकात त्याला व्हीएफआर म्हणतात, आम्ही शिकणारे त्याला डोळ्याचे नियम म्हणायचो. समोर पाच किलोमीटर स्पष्ट दिसलं पाहिजे. ढगापासून लांब राहायचं. खालची जमीन नजरेतून सुटता कामा नये. अंधार पडायच्या आत खाली यायचं. आमचे सर मिलिटरीतून निवृत्त झालेले, बाहेरगावचे, बोलणं पुस्तकी आणि आवाज चढा. ते म्हणायचे, "दिसत नसेल तर तू वैमानिक नाहीस, तू फक्त वर अडकलेला माणूस आहेस." डोळ्यापुढं धूर किंवा ढग आला की शरीर खोटं सांगायला लागतं. वाटतं आपण सरळ चाललोय, आणि विमान एका अंगावर कलंडून खाली निघालेलं असतं. हे मला तोंडपाठ होतं. सरांसमोर उभं राहून घडाघडा म्हणून दाखवायचो मी.

आता आमच्या पट्टीवर किती दिसतं ते मोजायचं कशावर? तर वीजकेंद्राच्या चिमण्यांवर. दूरवर उभ्या असतात त्या, पाचाच्या पुष्कळ पलीकडे. चिमण्या दिसल्या की झालं, सकाळ चांगली. सगळेच असं मोजायचे आणि मीही मोजायचो. त्यातून मी घुग्घुसचा, इतकी वर्षं धुळीत काढलेला. आमच्याकडं ट्रकच्या मागं ट्रक दिसत नाही, तरी गाड्या धावतातच. समोरचं कळकट दिसलं तर ते काही बिघडलंय, असं माझ्या डोक्यात येतच नाही.

चैत्राचे दिवस होते. माझी थोरली बहीण सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यात असते. मी तिला बाईच म्हणतो. घरी धानाची शेती, आणि बांधावर मोहाची दोन मोठी झाडं. बरेच दिवस तिचं एकच पालुपद होतं, "मले माहं गाव वरून पायचं हाये." ती आदल्या दिवशी एसटीनं घुग्घुसला आली. हाताला मोहाच्या फुलांचा वास, पिशवीत माझ्यासाठी वाळवलेली फुलं.

मोह ज्यांनी वेचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुलं पहाटे गळतात. खाली पाचोळा असला की त्यात सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळून जमीन साफ करून ठेवतात. एका झाडाखाली असा किती धूर होणार? पण तिकडं धानोऱ्यापासून इकडं मूलपर्यंत किती घरं आणि किती झाडं, याचा हिशोब कोण करतो? मी तरी केला नाही, आणि मी त्याच पाचोळ्यात लहानाचा मोठा झालेला माणूस. आई काडी लावायची आणि आम्ही भावंडं पळसाच्या फांद्यांनी आग आवरायचो.

उलट मी आणखी एक दीडशहाणपणा केला. जंगल वरून सगळं सारखंच दिसतं, गाव हुकलं तर बाई नाराज होईल, म्हणून भाऊजींना फोन केला. "सकाळी तळ्याच्या पाळीवर ओला पाला टाकून धूर करा. मले गाव वळखू येईन." भाऊजी खूश. त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं.

सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. नागपूरच्या हवामान कचेरीत चौकशी केली होती. आकाश निरभ्र, वारा नाही. वारा नाही हे ऐकून मला बरं वाटलं, उतरताना विमान हलणार नाही म्हणून. गाढव मी! धुराच्या दिवसात वारा नसणं हीच भ्यायची गोष्ट असते. रात्री जमीन थंड पडते, वर गरम हवेचा थर तसाच राहतो, आणि चुलीवरच्या भाताच्या गंजावर, पातेल्यावर, झाकण ठेवावं तसा तो खालच्या धुरावर बसतो. सरांनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण फळ्यावरचं ते झाकण आणि आमच्या मोहाखालचा धूर यांची गाठ मी कधी घातलीच नाही.

मूलच्या पुढं रेल्वेचा रूळ धरून गेलो. बाई काचेला नाक लावून बसली होती. सिंदेवाहीच्या आसपास पोचलो आणि बघतो तर काय, धूर एक नव्हता, वीस होते. प्रत्येक गावाचा एक, जंगलात आणखी कितीतरी. सगळे सरळ वर येत होते आणि एकाच उंचीवर येऊन आडवे पडत होते, जसं काही वर छत घातलंय. बाई म्हणाली, "बापा, सारे आपल्यासाठीच धूर करून राह्यले का?" मी हसलो. तिला एक तळं दाखवलं आणि म्हणालो, हेच तुझं गाव. खरं सांगू? मला आजही खात्री नाही की ते तिचंच गाव होतं. तिनं मात्र हात जोडले.

परतताना सूर्य पाठीशी होता आणि पुढं सगळं राखेच्या रंगाचं झालं होतं. झाडं, शेतं, रस्ते काही नाही. त्या राखेतून चिमण्यांची तेवढी डोकी वर आलेली. ती बघून मी मनाला समजावलं, चिमण्या दिसतात म्हणजे पाच आहेच. पट्टीच्या बरोबर वर आलो तर पट्टी खाली चक्क दिसली. मी सुस्कारा सोडला. उतरायला वळलो, आणि पट्टी गेली.

धुराचं हे असं असतं. सरळ खाली बघितलं तर थर पातळ, जमीन दिसते. तिरकं बघितलं की तोच थर दहापट जाड होतो, आणि उतरताना तर तिरकंच बघावं लागतं. मी वळून परत आलो, पट्टी दिसली. वळलो, गेली. तिसऱ्या खेपेला अंदाजानं खाली सोडलं. उंचीचे, वेगाचे काटे बघू की बाहेर बघू, कळेना. मध्येच एक विजेचा खांब पंखाच्या जवळून गेला, इतका जवळून की त्यावरचा पक्षी मला दिसला. मग एकदम पट्टी आली, निम्मी सरून गेलेली. विमान आदळलं, उडालं, परत आदळलं आणि शेवटच्या टोकाला थांबलं. बाई म्हणाली, "लय मजा आली रे! उतरताना लाल परीसारखे दणके बसतेत नाई?"

तिचा चेहरा नुसता फुलला होता. त्या चेहऱ्यासमोर मी काय बोलणार? बाई, तुला मी मारता मारता खाली आणलं, असं म्हणू?

सर कचेरीच्या दारात उभे होते. पलीकडं दुसऱ्या विमानात ती पोरगी पट्टा बांधून, हेडफोन लावून, यंत्रं तपासत बसलेली. धानोऱ्याकडची, आईबाप मोह-तेंदू वेचणारे. एकटीनं उडायची तिची ती तिसरीच खेप. सर म्हणाले, "मला खालून जरा कळकट वाटतंय. वरून किती दिसतंय?"

बाई माझ्या शेजारी. मी चिमण्यांकडं बघितलं. डोकी दिसत होती. खरं बोललो तर नियम मोडून, घरचं माणूस घेऊन आंधळा उतरलो हे कबूल करावं लागणार. परवाना जाईल, इज्जत जाईल, आणि बाईचा फुललेला चेहरा जाईल. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं. ती पोरगी डोक्यात आली नाही.

"पाच किलोमीटर दिसून राह्यलं," मी म्हणालो.

सरांनी अंगठा वर करून तिला जायची खूण केली. ती गेली.

पुढचा अर्धा तास मी चहा पीत होतो. पूर्वेकडून अगदी हलकी झुळूक आली आणि मला त्यात जळक्या पाल्याचा वास आला. पट्टीच्या कडेचा पळस फिका झाला. त्याच्यामागचं कुंपण गेलं. मी कप खाली ठेवला आणि बघत राहिलो, पण उठून सरांकडं गेलो नाही. हे लिहिताना मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग कचेरीतल्या रेडिओवर तिचा आवाज आला. "सर, पट्टी दिसत नाई."

"पट्टी तुझ्या खालीच आहे."

"खाली दिसते सर. मी वळली की जाते."

तेच! शब्दसुद्धा तेच, जे पाऊण तासापूर्वी माझ्या मनात होते. सर म्हणाले, "घाबरू नकोस. आत्ताच रिपोर्ट आलाय, वर पाच किलोमीटर आहे. नेहमीसारखी चक्कर मार आणि ये."

ती आली. आम्ही तिघंही बाहेर धावलो. इंजिनाचा आवाज जवळ आला, खूप खाली, आणि दिसत काहीच नव्हतं. आवाज पट्टीवरून नाही, आमच्या मागून, झाडांच्या वरून गेला. पाला थरथरला. बाईनं माझं मनगट धरलं. आवाज परत वर चढत गेला. सर आत रेडिओकडं पळाले, आम्ही दोघं दारातच राहिलो.

"हुकलं सर," ती म्हणाली. आवाजात रडू होतं, पण दाबलेलं.

सर चिडले होते. त्यांना वाटत होतं पोरगी घाबरलीय, म्हणून दिसणारंही दिसत नाही. "परत ये. या वेळी जवळून वळ, पट्टी सोडू नकोस." मला पुढचं सगळं दिसत होतं. ती जवळून वळणार, पट्टी शोधायला मान वळवणार, वेगाच्या काट्याकडं बघायचं राहणार, वेग पडणार, आणि एवढ्या खाली एक पंख कलला की सावरायला जागा नसते. सरांनीच शिकवलेलं होतं. बाई अजून मनगट धरून उभी.

मी तिचा हात झटकला, आत गेलो आणि सरांच्या हातातून माइक हिसकला.

"पोरी, मी गॅरेजवाला काका. ऐक. खाली येऊ नको. पाच नाईये. मी आत्ताच उतरलो, एक किलोमीटर बी दिसत नवतं. बहिणीले बसवून अंदाजानं उतरलो मी. वाचलो ते नशिबानं. तू वर जाय. आत्ताच्या आत्ता वर जाय."

पाच कोणी सांगितलं होतं, ते मात्र मी तेव्हाही बोललो नाही.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मार परवडला असता. त्यांनी माइक घेतला आणि त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "चढ. धुराच्या वर निघ. चिमण्यांची डोकी दिसतात? त्यांना डाव्या हाताला ठेवून लांबून गोल फिरत राहा. पेट्रोल किती?"

"दीड तासाचं असंन सर."

"पुष्कळ आहे. ऊन तापलं की हा थर फुटतो. तोवर थांबायचं. दुसरं काही करायचं नाही."

मग माइक खाली ठेवून मला म्हणाले, "चिमणीचं डोकं धुराच्या वर असतं, मूर्खा. पाय बघायचे असतात. जा, पट्टीवर उभा राहा आणि दर पाच मिनिटांनी मला ओरडून सांग काय दिसतं. खरं सांग."

मी पट्टीच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो. रस्त्याच्या कडेनं विजेचे खांब होते, तेच मोजायचे ठरवले. दोन खांब दिसत होते. मी ओरडलो, "दोन!" पाच मिनिटांनी पुन्हा, "दोन!" मग एकदा "दीड," कारण दुसरा अर्धा विरघळला होता. वरून कुठूनतरी इंजिनाचा बारीक आवाज येत होता, जवळ येई, लांब जाई. तो थांबल्यासारखा झाला की मी मान वर करून शोधायचो. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, त्यातलं निम्मंही पाळलेलं नाही.

बाई कचेरीच्या पायरीवर बसली होती. मध्ये एकदा माझ्याजवळ आली. म्हणाली, "परवा म्या बी काडी लावली रे, दोनी झाडाखाली." मी म्हणालो, "तुया दोन झाडानं काई नाई होत." ती म्हणाली, "सारेच असं म्हणत असतीन." थोडं थांबून म्हणाली, "मले काऊन नाई सांगतलं उतरल्यावर?" मी खांबांकडं बघत राहिलो. ती परत जाऊन बसली.

एक तास झाला. सरांनी तिला पेट्रोल विचारलं, ती म्हणाली काटा खाली आला आहे. "तीन!" मी ओरडलो. ऊन पाठीवर चटका देऊ लागलं. "तीन!" मग पट्टीवरचा पाचोळा जरासा सरकला. कपड्याची ती वारा दाखवणारी नळी इतका वेळ मेल्यासारखी लोंबत होती, ती हलली. वारा आला. आधी फुंकर, मग चांगला झोत, धुळीची एक भोवरी पट्टी ओलांडून गेली. चार खांब. सहा. मी मोजायचं सोडून दिलं आणि चिमण्यांकडं बघितलं. डोक्यापासून खाली, खाली, आणि बुडाशी असलेल्या इमारतीसुद्धा.

"पाय दिसले!" मी असा ओरडलो की घसा फाटला.

ती उतरली तेव्हा टाकीत थोडंच उरलं होतं. पण उतरली झकास, चाकं टेकल्याचंसुद्धा कळलं नाही. इंजिन बंद झालं. ती बाहेर आली, शर्ट घामानं चिकटलेला, ओठ सुके. सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती त्यांना ओलांडून सरळ माझ्याकडं आली, वाकली आणि माझ्या पायांना हात लावला.

"काका," ती म्हणाली, "तुमी बोलले नसते तं मी अजून एकदा खाली आली असती. तुमच्यामुळं वाचली मी." आणि आता कुठं तिला रडू फुटलं.

देवाशप्पथ सांगतो, मी आशीर्वादाला हात उचलला होता. तिच्या डोक्यावर ठेवणारच होतो. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला.

"सांग तिले."

मी वळलो नाही. पोरगी डोळे पुसत एकदा बाईकडं, एकदा माझ्याकडं बघू लागली.

"सांग," बाई म्हणाली. "नाईतं मी सांगतो."

मग मी सांगितलं. "पोरी, पाच मीच सांगितलं होतं. सरांनी मले विचारलं, अन् माह्याच शब्दावर तुले सोडलं."

"तुमाले मालूम होतं?" तिनं विचारलं. "दिसत नाई म्हणून?"

"होतं."

तिचं रडणं थांबलं होतं. मग ज्या हातानं तिनं माझे पाय शिवले होते, तो हात तिनं पँटीला पुसला, दोनदा, आणि विमान दोरखंडानं बांधायला निघून गेली.